पुरे म्हणणारा हात

४ फेब्रुवारी

तिसराही रुतला.

सकाळी टेबलावर पर्स ठेवते न ठेवते तोच सर्जनबाईंचा फोन. पहिल्या दोन वेळी त्या चिडल्या होत्या, ते परवडलं. आज आवाज अगदी शांत. पेशंट एकाहत्तर वर्षांच्या, ऑपरेशनला सात आठवडे झालेले, काल पाय ओढत आल्या. फोटोत जॅक वरच्या मणक्यात चार मिलिमीटर आत गेलेला दिसतोय. पुन्हा पाठ उघडावी लागणार.

या वहीत कारखाना आणायचा नाही असं ठरवलं होतं. पण आता दुसरीकडे कुठे बोलू? तर पहिल्यापासून लिहिते.

जॅक म्हणजे आमचं इम्प्लांट. कागदोपत्री नाव हातभर लांब आहे, पण कारखान्यात सगळे जॅकच म्हणतात. गाडी उचलायचा असतो तसाच, फक्त बोटाच्या पेराएवढा. दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढायची, तिथे हा मिटलेला सरकवायचा आणि बाहेरून लांब दांडीची मूठ फिरवायची. आतल्या दोन पाचरी जवळ येतात, वरची पट्टी वर जाते, खालची खाली. मणके एकमेकांपासून लांब होतात, दबलेली नस सुटते. मोठी चीर नाही, हातोडीने ठोकाठोक नाही. मूठ ठरलेल्या जोरापर्यंतच चालते – पुढे ‘कट्’ वाजतं आणि ती नुसतीच फिरते. म्हणजे सर्जनने समजायचं, झालं, थांबा.

अकरा वर्षं मी याचीच डिझाइनं काढते आहे. ठिसूळ हाडांसाठीचा जॅक माझा लाडका. तोच रुततोय.

५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. उस्तादने, म्हणजे नवऱ्यानेही, ताट तसंच सारलं. कोणी कोणाला विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

हॉस्पिटलला जाऊन आले. सर्जनबाईंनी तिन्ही फोटो ओळीने लावून ठेवले होते. तिघींचे जॅक सारखेच रुतलेले, वरच्याच बाजूला. ऑपरेशन करताना चूक झाली असती तर तीन तऱ्हांची झाली असती. एकसारखी चूक म्हणजे ती आमच्याकडून आलेली – हे त्या बोलल्या नाहीत, मला दिसलं.

तरी मी वाद घातलाच. म्हटलं, हाड फारच ठिसूळ असेल.

“हा जॅक ठिसूळ हाडासाठीच आहे ना?”

मग त्यांनी मूठ माझ्या हातात दिली. “मधे एकदा मला वाटलं, आता थांबावं. पण तुमची मूठ म्हणत होती, अजून चालेल. मी तुमच्या मुठीचं ऐकलं.”

बाहेर पडताना वॉर्डाचं दार उघडं होतं. एकाहत्तर वर्षांच्या बाई खाटेच्या कडेला बसून चप्पल घालत होत्या. दोन्ही हातांनी स्वतःचं पाऊल उचलून त्यांनी ते चपलेत ठेवलं, जसं दुसऱ्या कोणाचं असावं. इतकी वर्षं मी उंटावरून शेळ्या हाकल्या. माझ्या जॅकने काय केलं ते आज पहिल्यांदा पाहिलं.

८ फेब्रुवारी

मुठीने कोणत्या जोराला थांबायचं, तो आकडा कुठून येतो? माझ्या नवऱ्याच्या हातातून.

बाहेरच्याला सांगितलं तर हसेल, पण आमच्याकडे ती रीत आहे. हातपारख म्हणतात. यंत्राला एवढंच कळतं, तुटलं की नाही. बसलं की रुतायला लागलं, हे हाताला आधी कळतं. म्हणून हाडाऐवजी फोमचा ठोकळा पकडीत लावायचा, त्यात जॅक, आणि उस्ताद डोळे मिटून मूठ फिरवणार. जॅक बसल्यासारखा वाटला की म्हणणार, “पुरे.” मग डोळे उघडून काट्यावरचा आकडा वहीत लिहिणार. असं दहा वेळा. त्याची सरासरी माझ्या ड्रॉइंगवर चढते. दर वर्षी नव्या मुठी निघाल्या की पुन्हा पारख.

कारखान्यात सगळे त्याला उस्ताद म्हणतात, म्हणून मीही म्हणते. सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा नवी डिझायनर, हा टूलरूममधला फिटर. माझं पहिलं ड्रॉइंग उलटंसुलटं करून म्हणाला होता, “चित्र झकास आहे. बनवायचं कोणी?” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या वर्षी त्याच्याशीच लग्न केलं!

तेव्हाच्या साहेबांनी अट घातली – कामाचं एकमेकांना जे सांगायचं ते लेखी. नवरा-बायको घरी काहीतरी ठरवणार आणि बाकीच्यांना पत्ता नाही, असं चालणार नाही. आम्ही घरी आणखी कडक नियम केला, कारखाना उंबऱ्याच्या बाहेर. निम्मी भांडणं त्यानेच टळली. लेक लहानपणी म्हणायची, आई-बाबा ऑफिसात एकमेकांना ओळखतात का?

१२ फेब्रुवारी

आज स्वतः पकडीशी बसले. ठिसूळ हाडासाठीचा सगळ्यात मऊ ठोकळा घेतला, डोळे मिटले. मला ‘पुरे’ वाटलं तेव्हा काटा २.१ वर. मूठ कट् म्हणाली २.९ ला! पाच वेळा केलं. ठोकळा सोडवून पाहिला तर पट्टीच्या कडा आत गेलेल्या.

कडक आणि मधल्या ठोकळ्यावर हे दिसतच नाही. यंत्राच्या सगळ्या चाचण्या त्याच दोन ठोकळ्यांवर झाल्या. मऊ ठोकळा फक्त हातपारखेला.

पण माझा हात तो काय! पेन्सिल धरणारा. उस्ताद २.९ म्हणाला असेल तर मलाच काही कळत नसेल.

१३ फेब्रुवारी

त्याला चिठ्ठी पाठवली – मऊ ठोकळ्यावर पुन्हा हातपारख हवी, आजच्या आज.

चिठ्ठीच्या मागे उत्तर आलं: “माझ्याकडून नको. दुसऱ्या कोणाला सांगावे.”

इतकं कसलं नाक वर? मी चूक काढेन म्हणून आधीच रुसून बसला. घरी आल्यावर मी फणकाऱ्याने ताटं वाढली. नियम मोडायचा नाही म्हणून तोंडाने काही बोलले नाही, भांड्यांनीच बोलले.

१५ फेब्रुवारी

कळलं.

कळायला नको होतं.

कॉम्प्युटरवर मऊ ठोकळ्याचे सहा वर्षांचे आकडे एकाखाली एक लावले. २.०. २.१. २.१. मग २.४. मग २.६. मग २.९. ठोकळा तोच, जॅक तोच, आटे तेच, वंगण तेच. एकच गोष्ट बदलू शकते, आणि ती डोळे मिटून बसलेली असते.

त्याचं ‘पुरे’ दर वर्षी उशिरा येतंय. त्याच्या बोटांना कळत नाहीय.

मग एकेक गोष्ट आपोआप समोर यायला लागली. शर्टाची बटणं तो आरशात बघून लावतो. गेल्या वर्षी तापलेल्या तव्याला हात लागला तर वास आल्यावर त्याने हात काढला, आणि मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? खिशातून किल्ली काढायची तर सगळा खिसा टेबलावर उलटा करतो. मी त्याची चेष्टा करायचे, म्हातारा झालास म्हणून.

नवऱ्याचं दुखणं मला कधी कळलं? तीन बायकांच्या पाठी मोडल्यावर. तेही शीटमध्ये.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मी नीचपणा केला.

चहा झाल्यावर म्हटलं, डोळे मिट, गंमत दाखवते. त्याने मिटले. मिटतोच, मी सांगितलं की. त्याच्या उजव्या तळव्यावर एक नट ठेवला आणि विचारलं, काय आहे? बोटांनी चाचपत राहिला. वॉशर, म्हणाला. मग किल्ली ठेवली. तो पुन्हा वॉशर म्हणाला. शेवटी काहीच ठेवलं नाही. तरी तो चाचपत होता, सांगायचा प्रयत्न करत होता.

त्याने डोळे उघडले, रिकामा तळवा पाहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

नियम गेला खड्ड्यात. मी ओरडले. तीन वर्षं! तीन वर्षं तू आकडे देत राहिलास आणि मी ते छापत राहिले. एक बाई पाऊल हाताने उचलते आहे, तुझ्यामुळे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू म्हणाला, “तुला माहीत नव्हतं?”

म्हटलं, मला काय स्वप्न पडणार होतं?

“मला वाटलं, तू बघून घेतेस.”

म्हणजे उलट मलाच! माझा संताप मस्तकात गेला. काय वाटेल ते बोलले. मानासाठी लपवलंस, उस्ताद म्हणवून घ्यायची चटक लागली तुला, भेकड आहेस. हा शेवटचा शब्द सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वापरला.

तो बराच वेळ टेबलावरचा नट फिरवत बसला. मग म्हणाला, “बरोबर. चुकलंच माझं.” उठला आणि कपबशा विसळायला गेला.

१८ फेब्रुवारी

अहवाल लिहायचा की नाही, यावर दोन दिवस घालवले. लिहिला तर त्याची तीस वर्षांची पत मातीत. नाही लिहिला तर अडतीस मुठी अडतीस ऑपरेशन थिएटरांत आहेत, आणि कुठेतरी कोणीतरी आत्ता ‘कट्’ वाजायची वाट बघत असेल. पाठ कोणाची, हे मला कधी कळणारही नाही.

लिहिला. दोन पानं. कारण या रकान्यात लिहिलं – “पारख करणाऱ्याच्या हाताची संवेदना कमी झाली होती. ही बाब त्याने कोणालाही कळवली नाही.”

नियमाप्रमाणे त्याला वाचायला पाठवला. तासाभरात परत आला. प्रत्येक पानाखाली सही, वाकडीतिकडी.

२१ फेब्रुवारी

साहेबांच्या खोलीत बैठक. सर्जनबाईही आल्या होत्या. साहेबांना अजून वाटत होतं की फोममध्ये दोष निघेल, स्प्रिंगमध्ये निघेल. त्यांनी उस्तादकडून कामाचे धडे घेतलेले आहेत, त्यांना माझा अहवाल वाचवतच नव्हता. त्यांनी दोनदा विचारलं, कोणालाच बोलला नाहीत? सुपरवायझरला? डिझाइनला?

तो उभा राहिला. बसूनही बोलता आलं असतं.

“नाही. मी लपवलं. बाकी कोणाची चूक नाही.”

सर्जनबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. बैठक संपल्यावर त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं, बोटं ताणली, कोपरावर टिचकी मारली, मान वाकवायला लावली. चिठ्ठी लिहून दिली. म्हणाल्या, उद्याच्या उद्या मानेचा फोटो काढा.

सगळ्या मुठी परत मागवायचं ठरलं. माझ्या अहवालावरच ठरलं. मला कोणी दोष दिला नाही. साहेब तर म्हणाले, स्वतःच्या माणसाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं. मला भरून आलं. थोडं बरंही वाटलं, हे इथे तरी खरं लिहिते.

२४ फेब्रुवारी

मानेतल्या दोन मणक्यांमध्ये मज्जारज्जू चेपलेला आहे. डॉक्टर म्हणाले, तीन-चार वर्षांपासून हळूहळू. ऑपरेशनने आणखी बिघडणार नाही. पण गेलेलं परत यायची आशा कमी. सुरुवातीलाच आला असतात तर हात वाचला असता.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मणक्यांची उस्तवार केली आम्ही दोघांनी.

परतताना गाडीत मी म्हटलं, तेव्हाच बोलला असतास तर. तो खिडकीबाहेर बघत होता. “हो,” म्हणाला. मला आणखी काही ऐकायचं होतं – माफी, रडणं, काहीही. हा नुसता ‘हो’ म्हणतो. भिंतीशी बोलल्यासारखं.

२७ फेब्रुवारी

वन्सं येऊन त्याला घेऊन गेल्या. ऑपरेशनपर्यंत तिकडेच राहील. त्या माझ्याशी चार शब्दही धड बोलल्या नाहीत. भावाची पिशवी भरताना एवढंच म्हणाल्या, घरात माणूस आजारी असला की आधी त्याची पाठ बघायची असते, वहिनी, मग कारखान्याची.

मीही ताठ राहिले. त्यांना काय माहीत!

टूलरूममधून त्याची हत्यारं घरी आली आहेत. पेटी उघडली नाही.

३ मार्च

अडतीसपैकी सदतीस मुठी परत आल्या. अडतिसावी परवाच वापरली गेली. पेशंटचं अजून काही कळलं नाही.

६ मार्च

लेकीचा फोन. बाबांशी रोज बोलते म्हणे. ते काही सांगत नाहीत, माझीच चौकशी करतात – ती जेवते का, गुडघा कसा आहे.

मग म्हणाली, “आई, बाबांना साधं खोटं बोलता येत नाही. माझ्या वाढदिवसाची गंमत दर वर्षी आदल्या दिवशी फोडायचे. ते तीन वर्षं लपवतील?”

म्हटलं, स्वतः कबूल केलंय, सगळ्यांसमोर. सहीनिशी.

ती म्हणाली, “तेच मला पटत नाही.” मी विषय बदलला. लेकीला बाप नेहमीच देव असतो.

८ मार्च

एकाहत्तर वर्षांच्या बाईंचं दुसरं ऑपरेशन झालं. जॅक काढला. दुखणं थांबलं आहे, पण पाऊल उचलत नाही ते नाहीच. सर्जनबाईंनी सांगितलं की कंपनीकडून कोणीतरी त्यांना भेटावं. मी गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, त्यातलं काही बोलता आलं नाही. त्यांनीच माझा हात धरला. ज्याचा हात गेला त्याला सांगा, म्हणाल्या, मी बसून पुष्कळ कामं करते. सर्जनबाईंनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसतं.

हा निरोप मी अजून पोचवलेला नाही.

१२ मार्च

वन्संकडे गेले. तो अंगणात मटार सोलत बसला होता. शेंग डोळ्यांसमोर धरून, एकेक दाणा बघत. एरवी बोलता बोलता ढीग सोलायचा. गळ्याला पट्टा. ऑपरेशन वीस तारखेला.

बाईंचा निरोप दिला. त्याचे डोळे भरले.

मला राहवलं नाही. किती दिवस तेच आत घोळत होतं. म्हटलं, घरी बोलायचं नाही असा नियम होता, मान्य. मान खाली घालून सांगायची लाज वाटली असेल, तेही मान्य. पण लेखी सांगायचंस ना! आपली रीतच ती. एक ओळ लिहिली असतीस तर मी सगळं थांबवलं असतं. एक ओळ!

त्याने शेंग खाली ठेवली. मला वाटलं, आता बोलेल. माझ्याकडे असा बघत होता, जसा लेक लहानपणी पडली की बघायचा, आधी तिला किती लागलंय ते.

“जेवून जा,” म्हणाला.

मी नाही थांबले.

१६ मार्च

उद्या तपासनीस येणार. कॉम्प्युटरवरचे आकडे त्यांना चालत नाहीत, हातपारखेच्या मूळ वह्या हव्यात. शीटमध्ये आकडे तेवढे चढवलेले आहेत, वह्या कोणी वर्षानुवर्षं उघडत नाही. त्या तळघरात आहेत. साहेब म्हणाले, तुम्हीच काढून ठेवा, प्रत्येक पानावर डिझाइनची सही असते, एखादं पान सुटलं असेल तर आधीच कळलेलं बरं.

१७ मार्च

तीन वर्षांपूर्वीची वही. मऊ ठोकळा. २.४ चं पान. दहा आकडे, आणि खाली त्याचं अक्षर, तेव्हाचं, सरळ:

“उजव्या हाताच्या बोटांना पूर्वीसारखे कळत नाही. माझे आकडे धरू नयेत. दुसऱ्या हाताकडून पारख करून घ्यावी.”

त्याखाली ‘वाचले’ असं लिहून सही केलेली.

सही माझी आहे.